रुंद टायर

आमच्या पिकअपची चाकं इतकी अरुंद होती की नाक्यावरचे ड्रायव्हर तिला सायकल म्हणायचे. म्हणोत बापडे. त्या अरुंद चाकांमुळेच मी ती गाडी चालवू शकत होते. पॉवर स्टिअरिंग हा शब्दही तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकलेला नव्हता, आणि माझ्या अंगावर मांस म्हणाल तर नावापुरतं.

अंबरनाथच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिळालेल्या पैशांतून ही जुनी पिकअप घेतली. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, दिवाण, सोफे उचलायचे आणि बदलापूरला नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतींत पोचवायचे. माझा थोरला भाऊ तेव्हा दुसऱ्या कारखान्यात लागला होता, आणि तसाही त्याला ग्रीसचे हात आवडत नसत. मी बारावी होऊन घरात बसलेली. म्हणून सोबतीला मी जायचे. एकदा परतताना चिखलोलीजवळ रस्ता रिकामा बघून आप्पांनी गाडी थांबवली, खाली उतरले, वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. आता तू घे."

त्यांनी शिकवलं ते सगळं एका गोष्टीत मावतं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग ओढायचं नाही. आधी गाडी जराशी सरकू द्यायची, वीतभर सरकली तरी पुरे, की स्टिअरिंगचं चाक आपोआप हलकं होतं. मग फिरवायचं. "ताकद गाडीची वापर, तुझी कशाला वापरतेस?" ते म्हणायचे. एवढं एक जमलं आणि मी बाजारातल्या बोळांतून भरलेली गाडी काढायला लागले. ठाण्याला जाऊन लायसन्सही काढलं. तिथल्या साहेबाने माझ्याकडे आणि अर्जाकडे आळीपाळीने तीनदा बघितलं.

पुढे आप्पांची डावी बाजू गेली. हात लुळा, पाय ओढत चालणं, बोलणं अर्धं कळायचं. गाडी मी चालवू लागले. माल चढवायला हमाल असायचे, मी फक्त स्टिअरिंगवर. लोक वळून वळून बघायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या सीटवर बसल्यावर मला जे वाटायचं ते पुढे ना लग्नात वाटलं, ना मुलं झाल्यावर. हे वाचून कोणाला राग आला तर येऊ दे. केस पांढरे होईपर्यंत ही गाडी चालवायची, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी कधी मागितलं नव्हतं.

मग दादाचाही कारखाना बंद पडला. काही महिने तो घरात तोंड पाडून बसला, नंतर माझ्याबरोबर नाक्यावर येऊ लागला. नाक्यावरच्या लोकांना चघळायला विषय मिळाला.

"काय रे, बहिणीचा क्लीनर का तू?"

"ताई, याला पगार देता का नुसता वडापाव?"

मी हसण्यावारी नेलं. दादाने नेलं नाही. घरी आल्यावर तो माझ्याशी धड बोलत नसे, आईवर खेकसे. एका रविवारी तो गाडी धुवायला म्हणून घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा मी गाडी ओळखलीच नाही. चारही चाकं बदललेली. रुंद, जाडजूड टायर, मडगार्डच्या बाहेर चांगले चार बोटं आलेले, आणि चकचकीत पांढरे डिस्क. गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. दादा कितीतरी दिवसांनी हसत होता.

"बघ, आता कशी दिसते," तो म्हणाला. "वाघीण!"

दिसत होती, खरंच. सकाळी मी वाघिणीवर बसले आणि नाक्यापर्यंत जाईतो माझे दंड भरून आले. टायर रुंद झाला की तो रस्त्याला जास्त धरतो, हे चांगलं की वाईट ते स्टिअरिंग कोण ओढतंय त्यावर आहे. त्यात चाकं बाहेर आलेली. खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून हिसका मारून सुटायचं. रस्त्याला ट्रकच्या चाकोऱ्या पडलेल्या असल्या की गाडी त्या चाकोरीच्या मागे जायची, माझ्या मागे नाही. चाकं वजनदार, त्यामुळे ब्रेकलाही वेळ लागायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण वळवलं की टायर आत स्प्रिंगच्या पाट्याला घासायचा, त्यामुळे पूर्वी जिथे एका दमात वळायचं तिथे आता मागे-पुढे करावं लागे. आप्पांची युक्ती चालायला गाडी सरकायला जागा तर हवी! बाजारातल्या बोळात वीतभर जागा नसते. मी सीटवरून उठून, अंगाचा सगळा भार टाकून चाक ओढायचे आणि हमाल तोंडावर टॉवेल धरून हसायचे.

आठवड्याभरात दादा म्हणाला, "तुला झेपत नाय ना? दे इकडे."

मी उल्हासनगरच्या त्या टायरवाल्याकडे गेले. माझी जुनी चाकं परत द्या म्हटलं. म्हातारा सिंधी होता, प्रेमळ होता. म्हणाला, "बेटी, वो तो उसी दिन निकल गए. और देखो ना, गाडी का शो कितना आया है!" त्याचं काय चुकलं? त्याने दादाला हवं ते विकलं.

दादाने हे मुद्दाम केलं का, हा प्रश्न मी स्वतःला फार वर्षं विचारला. माझं आताचं मत असं की आणताना त्याच्या मनात फक्त शान होती. पण मला झेपत नाही हे दिसल्यावर त्याला बरं वाटलं, आणि मग त्याने बदलायचं नाव काढलं नाही. पहिली गोष्ट मी माफ केली आहे. दुसरी नाही.

आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो. आमची गल्ली सरळ जाऊन शेवटी काटकोनात वळते. एका बाजूला नळाच्या ओट्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. त्या वळणावर दादालाही आता चार-पाचदा मागे-पुढे करावं लागे. त्या दुपारी दादा मित्राच्या मोटरसायकलवर कुठेतरी गेला होता आणि गाडी दाराशी उभी होती. गल्लीतले बाप्ये पहिल्या पाळीला. आप्पा जेवता जेवता ताटावर कलंडले. तोंडातून फेस. रिक्षा आमच्याकडे आत येत नसे, स्टँडवर जाऊन आणावी लागे. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी चावी घेतली.

शेजारच्या बायांनी उचलून आप्पांना पुढच्या सीटवर घातलं. आई पलीकडून त्यांना धरून बसली. वळणापर्यंत आले आणि तिथे अडकले. भिंत समोर, खांब बाजूला. पूर्ण वळवलं, टायर घासला, वळलं नाही. रिव्हर्स. पुन्हा. चाक जागचं हलेना. मी दोन्ही पाय रेटून ओढत होते. आप्पा माझ्या डाव्या हाताला होते, त्यांचा चालता उजवा हात स्टिअरिंगवर आला. मदत करत होते की नुसता आधार शोधत होते, मला माहीत नाही. त्या हातात जोर नव्हता आणि तो मधे येत होता. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

शेवटी शेजारची मावशी खिडकीतून आत वाकली, तिने बाहेरून आणि मी आतून, दोघींनी मिळून चाक ओढलं. "ओढ गं पोरी, ओढ!" ती ओरडत होती. मडगार्ड भिंतीला खरवडत गाडी निघाली. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर मी ती हाणली. पण आप्पा दिवस मावळायच्या आत गेले. डॉक्टर म्हणाले, "जरा उशीर झाला." ते कदाचित सगळ्यांनाच असं म्हणत असतील. आमच्याकडे मात्र तेवढं एक वाक्य घरोघर गेलं.

आप्पांच्या जलदान विधीच्या दिवशी मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, लोक जेवायच्या आधी इकडेतिकडे बसले होते. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, चारचौघांत म्हणाले, "पोरीच्या हातात गाडी दिली, तिथंच घोळ झाला. बाप्या असता तर वेळेत पोचला असता." दादा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याने जमिनीकडे बघितलं. त्याला माहीत होतं. गाडी त्या वळणावर का अडकली, ते सगळ्या मांडवात फक्त त्याला आणि मला नेमकं माहीत होतं.

माझं डोकं फिरलं. मोठ्या काकांनी जन्मभर कंपनीचा ट्रक चालवलेला, मनगटं अजून दांडगी. मी चावी आणली आणि म्हटलं, "काका, चला. बसा गाडीत. कुठे जायचं नाही, फक्त चाक फिरवून दाखवा."

लोक उठून आले. काकांनी गाडी चालू केली आणि चाक ओढलं. अर्ध्यावर अडकले. सदऱ्याची बाही सारून पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या, खाली टायर घासल्याचा आवाज झाला आणि चाक तिथेच राहिलं. त्यांनी इंजिन बंद केलं, कपाळ पुसलं.

"जड हाय," ते म्हणाले. "लयच जड हाय."

मला वाटलं, झालं. आता बोलतील. आता सगळ्यांना कळेल. मी रडायच्या बेतात होते.

काका खाली उतरले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, मलाच झेपत नाय, तर तू कशाला हात लावायला गेलीस?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाने काकांच्या हातातून चावी घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मी आईकडे बघितलं. ती त्या दुपारी गाडीत होती, तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "तुला तरी कुठे जन्मभर गाडी चालवायची होती?"

"हो," मी म्हटलं. "चालवायची होती."

आईने ते ऐकलं, आणि ती पंगतीला पत्रावळी मांडायला निघून गेली.