पाठ खलास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय, पण मान खाली घालून नाही — तसं हवं असेल तर इथेच थांबा.

मी मस्कतमध्ये एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. शुक्रवारच्या सुट्टीला आमच्या अल हैलच्या क्रिकेट टीमचा मॅनेजर, आणि आकडेवाला. विकेट किती मिळाल्या हे कुणीही सांगेल. मी बघतो, कुणाच्या बॉलवर बॅट किती वेळा हुकते, झेल सुटले नसते तर काय झालं असतं, दमल्यावर वेग किती उतरतो. लोक माझ्या वहीला हसायचे. हसू देत. माझा अंदाज फारसा चुकत नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

ओंकार कदम आमचा फास्ट बोलर. तेव्हा अठराचा, इथेच वाढलेला, मराठी अडखळत बोलणारा. विकेट बेताच्याच, कारण आमचे स्लिपवाले झेल सोडायचे. वहीत मात्र त्याच्या आसपासही कुणी नव्हतं. आधीच्या वर्षी त्याच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर झालं होतं. कित्येक महिने त्याने बॉलला हात लावला नाही. मग नवा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी पूर्ण मोकळीक दिली. तो रिपोर्ट मी स्वतः वाचला होता.

त्याच सुमारास पुण्याच्या एका अकादमीचे कोच पोरं निवडायला आले. जागा एकच होती. ओंकार त्यांना आवडला होता, फक्त जुन्या दुखापतीची धाकधूक होती. मी अल मवालेहच्या मार्केटात कांदे निवडत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"त्या कदमच्या पाठीचं काय हो?"

"पाठ? ते खलास."

इथे आम्ही दिवसातून पन्नास वेळा खलास म्हणतो. काम खलास, म्हणजे झालं. दुखणं खलास, म्हणजे मिटलं, माणूस बरा झाला. शब्द तोंडातून सहज गेला, शपथेवर सांगतो. पण चार दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्या माणसाने काय ऐकलं असेल?

"अरेरे," ते म्हणाले. "इतक्या लहान वयात."

आता बोलायचं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. मला कळलं होतं — लगेच, लख्ख कळलं होतं. आणि मी काय म्हणालो?

"हो ना."

का? कारण तो गेला असता तर आमच्याकडून बोलिंग कुणी टाकली असती? आम्ही कप कधीच जिंकलो नव्हतो. मला तो हवा होता. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नका.

कोचने घरच्यांना गोड शब्दांत नाही म्हटलं, कारण दिलं नाही. ओंकार माझ्यासमोर रडला. "काका, मी काय राँग केला?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो त्यांच्या वयोमर्यादेत बसणार नाही, हे मला माहीत होतं. आता तो खाबुराला एका गोडाउनमध्ये नोकरी करतो.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं, तिथल्या सरावाने पाठ पुन्हा गेली असती. नसती गेली. वही माझी आहे, स्वतःला वाचवायला मी ती खोटी पाडणार नाही.

त्या फोननंतर तीन वर्षं तो आमच्यासाठी टाकत राहिला. दोन कप जिंकून दिले. एकाही शुक्रवारी त्याची पाठ दुखली नाही.