दिल्लीवाले उखर्डूनाना

उखर्डूच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा आत्यानं त्याला उकिरड्यावर घटकाभर ठेवलं आणि मग उचलून आणलं. यमाला फसवायची ही आमच्याकडची जुनी रीत. यम फसला आणि उखर्डू जगला. पण मेलेल्यांच्या वाट्याचं फिरणंही याच्याच पायाला लागलं असावं, असं त्याची आई म्हणायची. आईचं म्हणणं गावानं शेवटपर्यंत खरं धरलं.

गाव निंभोरा स्टेशनापासून दीड कोसावर, सगळं केळीचं. सत्तेचाळीस साली गावच्या बागायतदारांनी मिळून थेट दिल्लीला केळी धाडायला सुरुवात केली. घड वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, रचायचे, खाली-वर केळीची वाळली पत्ती अंथरायची आणि वाघिणीबरोबर एक माणूस द्यायचा. त्या माणसानं उन्हाळ्यात दार चार बोटं उघडं ठेवायचं, थंडीत फटी गोणपाटानं बुजवायच्या, आणि एखादा घड पिकायला लागला की तो ओढून फेकून द्यायचा. नाहीतर एक पिकतो आणि सगळ्यांना पिकवतो. मंडळींचे पुढारी जीवरामआबा. त्यांनी विचारलं, कोण जातं? उखर्डू उभा राहिला. तो जो उभा राहिला, तो बारा वर्षं बसलाच नाही.

गावाला त्याचा हेवा वाटे. शुक्रवारी निघायचं, खंडवा, इटारसी, झाशी, आग्रा करत चार-पाच दिवसांत दिल्ली, तिथून पॅसेंजरनं परत, की पुन्हा शुक्रवार. लोक म्हणत, माणूस असावा तर उखर्डूनानासारखा मोकळा. आम्ही इथं खुंट्याला बांधलेले. नानालाही ते पटलं होतं. स्वराज्य गावात बाकीच्यांना कुठं दिसलं कोण जाणे, पण आपल्याला ते रेल्वेच्या पासावर मिळालं, असं तो खरंच मानायचा.

त्याची बायको बेबाबाई हिला मात्र रावेरचा बाजार सोडून पुढचं जग ठाऊक नव्हतं. पाटाच्या पाण्याची बारी, म्हणजे पाळी, धरायची, केळीला पाणी द्यायचं, गुरं बांधायची. तिची मागणी एकच. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथं एकदा नेऊन आणा. नाना दरवेळी म्हणे, "आता कुठी येळ हाये? मले दिल्लीले जानं हाये." दिल्लीपुढं चांगदेव ते काय!

आता खरं सांगायचं तर नानानं दिल्ली पाहिलेली नव्हती. वाघीण कुठल्या यार्डात किती वेळ पडेल आणि कधी कुठल्या गाडीला जोडतील, हे गार्डालाही नक्की ठाऊक नसे. खाली उतरावं आणि तेवढ्यात वाघीण निघून जावी, तर दार कोण सांभाळणार? म्हणून तो उतरायचाच नाही. झाशी म्हणजे त्याच्या लेखी एक गळका नळ, आग्रा म्हणजे कोळशाचा ढीग. केळी खायची नाहीत अशी मंडळींची ताकीद होती. ती त्यानं इमानानं पाळली, कारण तिसऱ्या दिवसापासून त्याला त्या वासानंच मळमळायचं. दिल्लीत मालधक्क्यावर घड उतरले की एका लिंबाखाली बसून फुटाणे खायचे, शेजारच्या नळाचं पाणी प्यायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची. एवढीच त्याची दिल्ली.

पण पारावर लोक विचारत आणि दर आठवड्याला जाऊन येणारा माणूस 'ठाऊक नाही' कसं म्हणणार? पहिल्यांदा तो नुसता 'मोठी हाये' म्हणाला. पुढं तोंड सैल होत गेलं. कुतुबमिनार केवढा? तर पंचवीस केळी एकावर एक उभ्या करा, तेवढा. रस्ते रोज सकाळी दुधासारखे धुतात. लाल किल्ल्याच्या दारात अजून दोन हत्ती बांधलेले आहेत, बादशहाच्या वेळचे. हत्ती इतकी वर्षं जगतात का, असं कोणी विचारलं नाही. जीवरामआबा तर पाहुणे आले की नानाला मुद्दाम बोलावून हत्तीची गोष्ट सांगायला लावत.

एकोणसाठ साली गावातल्या बायकांनी हरिद्वारची यात्रा काढली. पुढाकार कुंदाबाईंचा. बाई बालविधवा, आवाज खणखणीत, जीवरामआबासुद्धा तिला वचकून. वाटेत दिल्लीत सकाळी उतरायचं आणि रात्री आठला पुढची गाडी, म्हणजे सगळा दिवस दिल्ली पाहायला मोकळा. कुंदाबाई नानाच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "नाना, तुम्ही संगं चाला. दिल्ली तुमच्या घरचं आंगन." नानानं उन्हाचं कारण सांगितलं. कुंदाबाई म्हणाली, कार्तिक आहे. त्यानं वाघिणीचं सांगितलं. आबा म्हणाले, एक शुक्रवार गावातला पोरगा अभिमन जाईल. बेबाबाईनं पेटीतलं लग्नातलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं. जगानं हसावं, नानाला चाललं असतं. या एका बाईनं हसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

दिल्लीला आठ बायका आणि नाना उतरले, आणि उतरल्याबरोबर नानाचं डोकं चालेनासं झालं. फलाटावरून माणसं जिन्यानं वर चढत होती. जिना कुठं जातो, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दिल्लीत एकच जागा ठाऊक होती. एकदा तिथं पोचलो की कोणाला तरी विचारता येईल, असा त्यानं विचार केला. "इकून जवळ पडते," असं म्हणून त्यानं आठही बायकांना फलाटाच्या टोकाकडून खाली उतरवलं, आणि डोक्यावर बोचकी घेतलेली ती रांग रूळ ओलांडत, इंजिनं चुकवत, पाऊण तास चालून मालधक्क्यावर आली.

समोर बटाट्याची पोती होती. कुंदाबाईनं किल्ला कुठं म्हणून विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात धक्क्यावरचा मोतीलाल हमाल नानाला पाहून ओरडला, "अरे, केलेवाले! आज डिब्बे के बिना?" मग बायकांकडे पाहून तो कौतुकानं सांगायला लागला, "ऐसा ईमानदार आदमी नहीं देखा, माँजी. बारह साल से आता है, उस नल के आगे कभी नहीं गया. चाय को बुलाओ तो बोलता है, गाडी छूट जाएगी."

हिंदी सगळ्यांना कळली. खानदेशात ती कळतेच, हे नानाचं दुर्दैव. कुंदाबाईनं पदर तोंडाला लावला. नाना लिंबाच्या झाडाकडे पाहत राहिला.

बेबाबाईनं बोचकं खाली ठेवलं. त्या नळावर जाऊन ओंजळीनं पाणी प्याली आणि परत आली. "गोड हाये पानी," ती म्हणाली. मग मोतीलालला तिनं मोडक्या हिंदीत किल्ल्याचा रस्ता विचारला. त्यानं फाटकाबाहेर दोन टांगे ठरवून दिले. बायका निघाल्या. बेबाबाई म्हणाली, "चाला ना."

दहा वाजले होते. गाडीला दहा तास होते. नाना फाटकापर्यंत गेला. तिथं त्याचे पाय थांबले ते थांबलेच. मागं कुठंतरी शंटिंगचा आवाज झाला आणि तो वळून पाहायला लागला. "सामानाजवळ कोनी तं पाह्यजे," तो म्हणाला. बेबाबाई क्षणभर उभी राहिली आणि टांग्यात चढली. संध्याकाळी बायका हसत-खिदळत, पायांवर धूळ घेऊन परत आल्या, तेव्हा नाना आठ बोचक्यांच्या मध्ये बसलेला होता. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हरिद्वार आटोपून मंडळी गावी आली. कुंदाबाईला बेबाबाईनं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तिच्यासारख्या बाईनं त्या एका गोष्टीपुरतं स्वतःचं आणि बाकीच्या बायकांचंही तोंड शिवलं. पारापाशी जीवरामआबांनी बेबाबाईला अडवून विचारलं, "अक्का, हत्ती देखले का?"

नाना दोन पावलं मागं होता. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नही देखले, आबा," बेबाबाई म्हणाली. "त्या दिवशी पानी पाजाले नेले व्हते."

घरी आल्यावर नाना म्हणाला, "तू काहून खोटं बोलली?" ती चूल पेटवत होती. म्हणाली, "तुम्ही बारा वर्सं खोटं बोलले, मी एकडाव." मग चुलीत एक लाकूड सारून तीच पुढं म्हणाली, "राग नही मले. पन तुम्ही दिल्लीले गेलेच नव्हते हो. घड धाडले, तसं तुमाले बी धाडलं. घान्याचा बैल बी दिवसभर चालते." नाना त्या दिवशी जेवला नाही.

शुक्रवारी तो वाघिणीबरोबर गेला आणि परत आला तो एक दिवस उशिरा, पुढल्या शनिवारी. बारा वर्षांत पहिल्यांदा. मंडळींनी वाट पाहिली आणि शुक्रवारची वाघीण अभिमनबरोबर धाडून दिली. पुढं ती वेळेवर पोचली, एक घड पिकला नाही. आबा ओट्यावर येऊन सांगून गेले, की अभिमन तरणा आहे, यापुढं तोच जाईल, नानानं आता आराम करावा. नाना बरं म्हणाला.

आबा गेल्यावर बेबाबाईनं विचारलं, "किल्ला देखला?"

"नही. तो तू देखला ना."

"मंग दिवसभर काय केलं?"

"फाटकाबाहेर गेलो. उजव्या हाताले वळलो. गल्ली, गल्लीतून गल्ली. मंग रस्ता चुकलो." हे सांगताना नानाचा चेहरा नव्यानं बाशिंग बांधलेल्यासारखा दिसत होता. रुळावर त्याला आजवर चुकायची सोयच मिळाली नव्हती. "एका न्हाव्यापुढं बसलो. त्यानं इचारलं, कुठले? मी आपलं गाव सांगतलं. तुहं बी नाव सांगतलं. गाडी गेली, जाऊ देली."

बेबाबाई हसली. मग म्हणाली, "आता मोकळे हायेत तं चांगदेवले चाला."

"पन बैलगाडीचा रस्ता मले ठाव नही," नाना म्हणाला.

"मले बी नही," बेबाबाई म्हणाली, आणि वाटेसाठी भाकरीचं पीठ मळायला बसली.