मोगरी कुणाच्या हातात

"ते गोणपाट काढ," डॉक्टर म्हणाले. "पाहुण्यांना दिसू दे."

मी गोणपाट काढलं. पिंजऱ्यातले गिनिपिग उजेडाला दचकून एका कोपऱ्यात गोळा झाले. पुण्याहून आलेले पाहुणे कोट सावरत, नाकाला रुमाल लावून उभे होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा आमचा खाटीक. मी आयुष्यात मुंगी मारलेली नाही. ते खातं याच्याकडे. यांच्यात त्याचं पाप लागत नाही."

पाहुणे हसले. एक जण तर खोकला येईपर्यंत हसला. मीही हसलो. का हसलो, ते आजही सांगता येत नाही. साहेबलोक हसले की आपणही हसायचं, ही सवय कुणी लावली कोण जाणे, पण लागलेली होती.

"चल, दाखव," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतः दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. रोजच्यासारखे.

मी लाकडी मोगरी उचलली. बाकीची जनावरं बघत होती. त्यांच्या देखत मी एकाला मारलं.

खाटीक ही शिवी नाही. आमच्या जुन्नरच्या बाजारातला खाटीक आपला धंदा उघड्यावर करायचा, अल्लाचं नाव घेऊन करायचा, आणि संध्याकाळी मान वर करून घरी जायचा. डॉक्टरांनी तो शब्द शिवी करून माझ्या अंगावर टाकला, आणि मी तो झेलून हसलो. दुखतं ते हे.

आम्ही मुसलमान, पण कागदी. पिढ्यान् पिढ्या हातानं कागद करणारे. गिरणीचा कागद आला आणि धंदा बसला, तरी माझा बाप थोडाथोडा करत राहिला. मोहल्ल्यात आमच्या हातून कधी कोंबडीसुद्धा कापली गेली नव्हती. कापायची झाली की बाप शेजारच्याला हाक मारायचा आणि स्वतः गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हा. डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातून निवृत्त होऊन गावी परतले आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. घाटघरच्या रानात सूज उतरवणारी एक मुळी मिळते. तिच्यातून औषध काढायचं, ही त्यांची जिद्द. जिद्द खरी होती, मी नाही म्हणणार नाही. हाताखाली माणूस हवा म्हणून ते आमच्या मोहल्ल्यात आले.

"तुमच्यातला एखादा पोरगा द्या. कापाकापीची सवय असलेला."

बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमी कागदी. आमच्यात ते काम न्हाई."

"अहो, शेवटी सगळे एकच."

मी मॅट्रिक झालो होतो. प्रयोगशाळा आतून बघायची मला लई हौस. मी म्हणालो, येतो. सकाळी निघताना बापानं एक जुनं गोणपाट माझ्या हातात दिलं.

"करायचंच हाय तर एक ध्यानात ठेव. एका जनावराच्या देखत दुसऱ्याला मारायचं न्हाई. पिंजऱ्यावर हे टाकत जा. आपल्यात तसंच हाय."

काम असं होतं. डॉक्टर आंघोळ, देवपूजा उरकून दाराबाहेर उभे राहायचे, आणि मी एक गिनिपिग मारायचा. पोट उघडून आतड्याचा बोटभर तुकडा काढायचा आणि कोमट खाऱ्या पाण्याच्या काचनळीत ठेवायचा. रक्त पुसायचं. फरशीवर पाणी मारायचं. मग डॉक्टरांना हाक. ते धुतल्या तांदळासारखे आत यायचे. तुकड्याला दोरा बांधायचे, दोऱ्याला काडी. काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं, आणि तो कागद घड्याळासारखी चावी दिलेल्या ढोलावर हळूहळू फिरणारा. जनावर मेलेलं, पण तुकडा जिवंत. तो आपोआप आखडायचा, सैल पडायचा, आणि काडी काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या काढत जायची. पाण्यात आखडवणारं औषध टाकलं की टेकडी उंच चढायची. मुळीचा अर्क टाकला की खाली यायची. अर्क सूज उतरवतो तसा आतड्याचा पीळही सोडवतो का, हे त्यांना बघायचं होतं.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? ढोलावर कागद ताणून बसवणं, रॉकेलच्या धुरावर त्याला सारखी काजळी धरणं, आलेली रेघ राळ विरघळवलेल्या स्पिरिटमध्ये बुडवून पक्की करणं, हे मी जीव लावून करायचो. कागद म्हणजे माझ्या रक्तातली गोष्ट. डॉक्टरांनी मला कधी विचारलं नाही, तुझा बाप काय करतो. ते विसरले होते, की त्यांना ठेवायचंच नव्हतं लक्षात.

"हा स्नायू आपल्या हुकमातला नाही," ते एकदा रंगात येऊन सांगत होते. "आतड्याचा, गर्भाशयाचा. आपण नको म्हटलं तरी चालतो. हातापायाचा तेवढा आपल्या इच्छेवर चालतो."

मी मान डोलावली. माझा हात कुणाच्या इच्छेवर चालत होता, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

आतड्याचं काम निदान झटक्यात व्हायचं. उंदरांचं तसं नव्हतं. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायात सूज आणणारं औषध टोचायचं, आणि मग मुळीनं ती उतरते का ते रोज मोजायचं. टोचणार मी, मोजणार डॉक्टर. उंदीर तो टम्म फुगलेला पाय चाटत बसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात. डॉक्टरांनी फळ खाल्लं, खवखव माझ्या गळ्यात. घरी आलो की बापाच्या हातांकडे बघवायचं नाही. जन्मभर कागदाच्या लगद्याच्या गार हौदात उभं राहून त्याची बोटं तशीच सुजलेली. गुडघे तसेच.

आणि औषधाला गुण आला. डॉक्टरांनी आपणहून एक बाटली दिली, "तुझ्या बापाला दे, बघू." त्या अर्कानं बाप बऱ्याच दिवसांनी मूठ मिटू शकला. त्यानं मला मूठ दाखवली, उघडली, परत मिटली. हसला. त्या हसण्यासाठी मी किती उंदरांचे पाय सुजवले होते ते मलाच ठाऊक. मी बापाला सांगितलं नाही. दर सकाळी मोगरी उचलताना मनात म्हणायचो, बापासाठी. डॉक्टरांचा हुकूम, बापाचं औषध. माझं त्यात काय? असं म्हटलं की हात हलका व्हायचा.

पाहुण्यांच्या त्या दिवसानंतर तो हलका होईना. मी पिंजऱ्यावर परत गोणपाट टाकलं, पण माझ्यापुरता पडदा फाटला होता. मी स्वतःला हुकमाचा ताबेदार समजत होतो. डॉक्टरांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की मी ताबेदारही नाही, त्यांची मोरी आहे. घरातली घाण जिथून जाते ती. करून सवरून ते नामानिराळे.

पुढच्या बाजारच्या दिवशी घाटघरचा देवजी मुळ्यांची पाटी घेऊन आला आणि नेहमीसारखा पायरीवर बसला. महादेव कोळी जमातीचा, चाळिशीचा, अबोल माणूस. नाणेघाटाच्या अंगाची सगळी रानं त्याला पाठ. त्याला आत बोलवायची पद्धत नव्हती.

डॉक्टर दारातूनच मला म्हणाले, "आज ती गाभण घे. गर्भाशयाचा स्नायू बघायचाय."

ती कोणती ते मला माहीत होतं. लसूणघास दाखवला की हाताशी यायची. पोट जमिनीला टेकत होतं.

"सर, आज तुम्ही मारा," मी म्हणालो. "मी धरतो."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय. "काय म्हणालास?"

"मी धरतो. मोगरी तुम्ही घ्या."

"तुमच्यात तर हे..."

"आमच्यात गाभण जनावर कापत नाहीत. आणि आमच्यात-तुमच्यात राहू द्या, सर. औषध निघू दे. चांगलं आहे औषध. पण रेघेखाली नाव तुमचं लागतं, तर पापही वाटून घ्या."

त्यांचा चेहरा लाल झाला. "बापाची बाटली या घरातून जाते. विसरू नकोस."

"विसरलो नाही."

"मग चालता हो."

मी मोगरी फरशीवर ठेवली, टोपी उचलली आणि दारात आलो. छाती भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाला नाही म्हणालो होतो. वाटलं, सुटलो.

मागून डॉक्टरांचा आवाज आला. "देवजी, ये रे आत. तुम्ही रानात ससे मारता ना?"

देवजी उठला. पहिल्यांदाच त्याला त्या उंबऱ्याच्या आत बोलावलं होतं. त्यानं हात धोतराला पुसले. माझ्याकडे बघितलं.

"आमी खायाला मारतो, सायेब."

"तेच ते. ती घे मोगरी. कोपऱ्यातली ती जाडी आहे ना, तिला मार."

मी दारात उभा होतो. एका हाकेच्या नाही, एका हाताच्या अंतरावर. मला बोलता आलं असतं. ती गाभण आहे, एवढं तरी. पण मी माझ्या नकाराच्या धुंदीत होतो. माझा हात स्वच्छ झाला होता ना. आवाज झाला. माझ्या कानाला रोजचा आवाज, फक्त आज दुसऱ्याच्या हातून.

डॉक्टर नेहमीसारखे बाहेर येऊन पाठ करून उभे होते. मीही बाहेरच होतो. दोघंही बाहेर.

पोट उघडायला डॉक्टरांनी त्याला बाहेरूनच शिकवलं, असं कर, तसं कर. बऱ्याच वेळानं देवजी बाहेर आला. पाटी तिथंच विसरला होता. माझ्यासमोर थांबला.

"भाऊ, पोटात पिल्लं व्हती. हालत व्हती." मग म्हणाला, "तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग मला सांगायचं व्हतं, राव."

एवढंच. आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो रस्त्याला लागला, आणि मला पाहुण्यांचं हसू आठवलं नाही, डॉक्टरांची धमकी आठवली नाही. मीच डॉक्टर दिसलो मला. त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली होती. मी ती खाली ठेवली आणि माझ्याहून गरीब माणसानं ती उचलताना गप्प राहिलो. साप मेला, माझी काठी तुटली नाही.

बाटली बंद झाली. महिन्याभरात बापाची बोटं पुन्हा होती तशी झाली. मी त्याला सगळं सांगितलं, देवजीचंही.

"नोकरी सोडलीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "पन मी असं न्हाई म्हननार की दुखत न्हाई. दुखतंय. लई दुखतंय." मग हात चादरीखाली घेतले. माझ्या नजरेपासून लपवले असावेत.

पुढच्या बाजारी मी डॉक्टरांच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिलो. घाटघर, आपटाळ्याकडून येणाऱ्या प्रत्येक मुळीवाल्याला सांगितलं: मुळी द्या, दाम घ्या, पण आत बोलावलं तर मोगरीला हात लावू नका. ज्याला औषध काढायचंय त्याला लावू दे. डॉक्टरांनी पोलिसात देण्याची भाषा केली. मी हललो नाही. देवजी त्या दिवशी आला नाही. नंतरही कधी आला नाही.

मी पुण्याला गेलो, शिकलो, अशाच एका प्रयोगशाळेत लागलो. आजही आतड्याचे तुकडे कोमट पाण्यात ठेवतो, आजही उंदरांचे पाय सुजवतो. औषधं लागतात. माझ्या बापासारखे हात घराघरांत आहेत. कुणी विचारलं, पाप वाटत नाही का, तर वाटतं. रोज वाटतं. ते वाटायचं थांबलं तर मी हे काम सोडीन.

पण मारायचं ते मी मारीन, पाठ न फिरवता, माझ्या नावावर. आणि माझ्या देखत कुणी साहेब आपलं पाप गरिबाच्या हातात द्यायला लागला, तर मी दारात उभा राहणार नाही. आत जाईन आणि त्या साहेबाचं मनगट धरीन.