रिकिबीतले पाय

चौघं घोड्यावरून फिरून आले की गप्पा घोड्यांच्या होतील, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे नाही! आमच्याकडे गप्पा पायांच्या. कुणाची बोटं बधिर, कुणाचा गुडघा धरलेला. दर रविवारी त्यात भर पडतेच.

चौघं म्हणजे केळीवाले भटूभाऊ (घोड्या त्यांच्याच), रिटायर्ड नर्स मीनाताई, शहाद्याला ऑटो पार्टचं दुकान चालवणारा जितू आणि लोणखेड्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी मी. खोगिराला चामडी पट्ट्यानं टांगलेली, पाय ठेवायची कडी म्हणजे रिकीब. एवढीशी वस्तू, पण लांबच्या रपेटीत सगळा खेळ तिचाच!

* * *

माझी पहिली रिकीब पितळेची होती. नाजूक, चकचकीत, लग्नातल्या घोडीला शोभेल अशी. दिसली आणि घेतली. तळवा टेकायला जागा जेमतेम पेन्सिलीएवढी, हे काही तेव्हा लक्षात आलं नाही. प्रकाशा गावाला पोचेपर्यंत पाय आहेत की नाहीत तेच कळेना. चहाच्या टपरीसमोर उतरले आणि थेट जमिनीवर बसले.

टपरीवाला धावत आला. "मॅडम, पहिल्यांदाच बसल्या का घोड्यावर?"

"नाही हो. पहिल्यांदाच उतरतेय!"

* * *

मग जितूनं संशोधन सुरू केलं. रिकीब रुंद हवी, वर रबर हवं आणि खिशाला परवडायलाही हवी. एका रविवारी त्यानं माझ्या नव्या रुंद लोखंडी रिकिबींवर काळं जाड रबर बसवून आणलं. काय सांगू! सारंगखेड्याला जाऊन आलो, एक बोट दुखलं नाही. रबर कुठलं विचारलं, तर गडी नुसता हसला.

संध्याकाळी त्याचे वडील स्कूटर ढकलत भटूभाऊंच्या मळ्यात हजर. पाय ठेवायची जागा नुसता पत्रा!

"घोडाले बूट घाल्या, अन् मन्ही गाडी उघडी!"

* * *

पट्टा किती लांब ठेवायचा? मी कुठंतरी वाचलं होतं, वरच्या बकलाला बोटं टेकवायची आणि रिकीब काखेत आली की माप बरोबर. सगळ्यांना करायला लावलं. भटूभाऊंचे हात आखूड, पाय लांब. ते चढले आणि गुडघे पार छातीशी!

मीनाताई लांबूनच ओरडल्या, "भटूभाऊ, घोड्यावर बसलात का संडासला?"

* * *

खुद्द मीनाताईंची तक्रार वेगळीच. "माझा डावा पाय रिकिबीत नीट पोचत नाही गं. आखूड झालाय वाटतं." नर्स बाई, मनात नको नको ते यायला लागलं. नंदुरबारला हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या, एक्स-रे काढला. दोन्ही पाय सारखे!

मला काही चैन पडेना. त्यांच्या खोगिराचे दोन्ही पट्टे सोडले आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. डावा चांगला दोन बोटं लांब! आपण सगळे डावीकडून चढतो, सगळं वजन त्याच पट्ट्यावर. ओढून ओढून ताणला गेला होता. तेव्हापासून आम्ही डावा-उजवा अदलाबदल करत असतो.

मीनाताईंनी डावा पट्टा उचलून उजेडात धरला. "म्हणजे एक्स-रे याचा काढायचा होता!"

* * *

तोरणमाळच्या घाटात मात्र हसू पळालं. भटूभाऊंचा उजवा पट्टा जुना, वाळून भेगाळलेला. निघतानाच मीनाताई म्हणाल्या, "भाऊ, बदला हा." भटूभाऊ म्हणाले, "चाली जाई ना ताई, आजना दिन."

एका वळणावर पिकअपची ताडपत्री फडफडली. घोडी बिचकली, आडवी उडाली आणि भटूभाऊ उजवीकडे पडले. बूट रिकिबीत अडकलेला! घोडी उधळली, हे मागे फरफटत, समोर दरी. मी नुसती किंचाळत होते. जितूनं घोडीच्या दिशेनं झेप घेतली, पण ती हाताला लागेना.

तेवढ्यात कट्! पट्टा तुटला.

घोडी पुढे निघून गेली. भटूभाऊ रस्त्यावर, रिकीब तशीच पायात. मीनाताईंनी डोकं चाचपलं, हात-पाय हलवून बघितले, नाव विचारलं. नाव त्यांनी बरोबर सांगितलं. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. भटूभाऊ पट्ट्याचा तुटका तुकडा उलटसुलट करून बघत बसले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे नंदुरबारला, खोगिराच्या दुकानात. दुकानदारानं एकदम भारी माल काढला. "भाऊ, याला हत्ती लटकवा, तुटणार नाही!"

भटूभाऊंनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि हळूच बाजूला सारला.

"तुटी जाई असा शे का?"