अप्पांच्या गाडीतली घूं घूं

सोलापुरातून उजाडता उजाडता निघायचं ठरलं होतं. निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, कारण अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडी पुसल्याशिवाय गाव सोडवत नाही. गाडी जुनी आहे आणि पुसून ती नवी होत नाही, पण हे त्यांना सांगायला कोण जाणार?

जायचं होतं माळशिरसला, आत्याकडे. आत्या अप्पांची थोरली बहीण. आई गेल्यापासून अप्पा अधूनमधून एकटेच गाडी काढून तिच्याकडे जातात, दोन दिवस राहतात, ओरडून गप्पा मारतात आणि परत येतात. त्यांचा विरंगुळा म्हणजे एवढाच. मी मात्र पुण्याहून आले होते ती त्यांच्याकडून गाडीची चावी काढून घ्यायला. मागच्या महिन्यात नाक्यावर मागून ट्रक हॉर्न वाजवत आला आणि अप्पांनी त्याच्यापुढे खुशाल गाडी वळवली. थोडक्यात वाचले. शेजाऱ्यांनी भावाला फोन केला, भावाने मला. भाऊ बेंगळुरूला असतो, त्यामुळे अवघड कामं माझ्याकडे येतात. "तुझं ऐकतील ते," म्हणाला. अप्पा माझं ऐकतात हे याला कोणी सांगितलं, देव जाणे.

मोहोळच्या अलीकडेच घूं घूं सुरू झाली. वेग वाढला की आवाज चढायचा, वेग कमी झाला की उतरायचा. रस्ता उजवीकडे वळला की जरा जास्तच. मी म्हणाले, अप्पा, चाकातून आवाज येतोय. ते म्हणाले, रस्त्याचा असेल. रस्ता तर गुळगुळीत होता. तसं मी म्हणाले, तर उत्तर आलं, नवीन रस्ता हाय म्हणून येतोय. जुना रस्ता असता तर जुना म्हणून आला असता.

मोडनिंबला हायवेवरच्या एका टपरीवर चहा आणि कांदाभजी घेतली. भजी उत्तम होती, सोबतच्या मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं. आमचं आवाजाविषयीच बोलणं चाललं होतं. टपरीवाला झारा हातात घेऊन बाहेर आला.

"भांडू नका की ओ," तो म्हणाला. "गरम घाणा काढतोय, दोगांनाबी देतो."

आम्ही भांडत नव्हतो. आमच्या घरात असंच बोलतात. अप्पा सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर (बिघडलेला माग दुरुस्त करणारा) होते. आमच्या गल्लीत घराला घर लागून मागांच्या शेड, दिवसभर खडाखड. मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा माझा नवरा घाबरून अंगणात जाऊन उभा राहिला होता. त्याला वाटलं वाटणीवरून पेटलंय. चपात्या किती करायच्या हे चाललं होतं.

करकंब मागे पडल्यावर रस्त्यावर तूर पसरलेली दिसली. आमच्याकडे ही रीतच आहे. वाळलेलं पीक डांबरी रस्त्यावर टाकायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी ते तुडवायचं, शेतकऱ्याची मळणी फुकट. बाकीचे बाजूने निघून जातात. अप्पांना ते माणुसकीला धरून वाटत नाही. ते मधोमध गेले. मग मागे आले. मग पुन्हा पुढे. कडेला चारीचं (शेताला पाणी नेणाऱ्या नालीचं) पाणी फुटून चिखल झाला होता, तोही त्यांनी सोडला नाही. तुरीची मालकीण कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिलाच कसंसं झालं.

"बास की काका आता," ती म्हणाली. "डाळ करून द्याल हितंच."

तिथून पुढे गाडीखालून खसखस यायला लागली. थोडं अंतर गेलो आणि अप्पांनी एकदम पाय ब्रेकवर नेला. "हाताला थरथर लागतीया," म्हणाले. मला काहीच कळलं नव्हतं. मी चालत्या गाडीतच स्टिअरिंगला हात लावून पाहिला. खरंच थरथरत होतं. अप्पा खूश झाले. तुझा आवाज म्हंजे ह्योच, म्हणाले, तुरीची काडं अडकल्यात. तूर यायच्या कितीतरी आधीपासून आवाज होता, हे मी सांगितलं. त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.

वेळापुरात गॅरेज सापडलं. मेस्त्री तरुण होता, तोंडात सुपारी. त्याने गाडी जॅकवर घेतली, खालून पेंढीभर काडं ओढून काढली आणि चाकाच्या आत बसलेला चिखल खरवडला. चिखल एका बाजूला बसला की चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरतं, हे त्याने अप्पांना सांगितलं आणि अप्पांनी ते मला पुन्हा सांगितलं. चाचणीला मेस्त्रीने स्वतः गाडी चालवली. अप्पा शेजारी, मी मागे. थरथर गेली होती. खसखस गेली होती. घूं घूं होती.

"पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," मेस्त्री म्हणाला. "उजव्या वळणाला गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तवा वाढतोय बगा. ह्ये आजचं न्हाय, काका. लई दिवसांचं हाय. तुमाला ऐकू आलं न्हाय व्हय?"

अप्पा म्हणाले, मी रेडिओ लावतो. गाडीतला रेडिओ आई असतानाच बंद पडलेला आहे.

बेअरिंग अकलूजहून यायचं होतं. तोवर आम्ही वेळापूरचं जुनं देऊळ पाहिलं. काळ्या दगडाचं, आत गार. खांब इतके गुळगुळीत की हात लावल्याशिवाय राहवत नाही. आत कोणी नव्हतं. चावीबद्दल घरून पाठ करून आणलेलं सगळं इथेच बोलायचं मी ठरवलं. अप्पा एका खांबाला टेकून बसले. कारखान्याचं सांगायला लागले. शेडच्या दारात उभं राहिलं की कळायचं, म्हणाले, कुठला माग बिघडलाय ते. आत जायची गरजच नाही. मी हळूच विचारलं, "अप्पा, आता ऐकू येतं का तुम्हाला नीट?"

ते समोरच्या खांबाकडे बघत राहिले. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलाच नाही.

तेव्हा मला कळलं. अप्पांचे कान आज गेले नव्हते. कधीच गेले होते. आम्ही सगळे जन्मभर त्यांच्याशी ओरडूनच बोलत आलो, म्हणून घरात कोणाला पत्ता लागला नाही. त्यांनाही बहुधा लागला नव्हता.

बेअरिंग बसलं, घूं घूं थांबली. माळशिरसला आत्याने ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं होतं, वर शेंगाची चटणी. बहीणभाऊ अंगणात बसून एकमेकांवर ओरडत होते. दोघंही किती आनंदात होते! असं असताना चावीचा विषय कोण काढणार? मी भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मोडनिंबच्या अलीकडे टक टक असा बारीक आवाज यायला लागला. गाडी हळू झाली की टक टकही हळू. टायरच्या खाचेत खडा असणार, एवढं मलाही कळत होतं. त्याने काही बिघडत नाही. अप्पांनी एक हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला.

"बग आता," म्हणाले. "कसली गुमान चाललीया."

हो म्हणणं सोपं होतं. "आवाज आहे, अप्पा," मी पुण्याच्या आवाजात म्हणाले. ते पुढे बघून हसत होते. मग मी गल्लीतल्या आवाजात ओरडले, "अप्पा, टक टक येतंय! मागच्या चाकातून!"

त्यांचं हसू गेलं. बऱ्याच अंतरापर्यंत ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मग गाडी कडेला घेतली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरले. मागच्या टायरमधून त्यांनी खडा काढला, तळहातावर घेऊन पाहिला आणि ड्रायव्हरच्या दाराकडे न जाता माझ्या दाराशी आले.

"किती येळ येत हुता?"

"बराच वेळ," मी ओरडून सांगितलं.

"सरक," म्हणाले.

मी सरकले. ते माझ्या जागेवर बसले, खडा समोर ठेवला. मी गाडी सुरू केली. जरा पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, आता? मी सांगितलं, आता नाही. नक्की का, म्हणाले. नक्की, मी म्हणाले. मग अप्पा झोपले. चालत्या गाडीत झोपलेले अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. मोहोळ आलं, गेलं. मला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून मी हळू चालवत होते.

घरी आल्यावर भावाचा फोन आला. बेअरिंग बदललं, एवढंच मी त्याला सांगितलं. अप्पांनी चावी नेहमीच्या खिळ्याला अडकवली, पुन्हा काढली आणि माझ्या पर्सवर ठेवली.

"आक्काकडं जायचं झालं तर तू यायचं," म्हणाले.

"येईन," मी म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मी पुन्हा म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.