दहाला येणारं पाणी

सुलाबाईच्या तोंडाला कुलूप असं नव्हतंच कधी. ते एकदाच लागलं, त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, आणि तेही घटकाभरच. ओव्हरसियर ईश्वरअप्पांनी दारात मोटरसायकल उभी केली आणि तिच्या नवऱ्याला थेट विचारलं, "सिताराम, पाणी कुणाला विकलंस?"

सिताराम पूर्णा नदीवरच्या छोट्या, गाळानं भरलेल्या बंधाऱ्याचा गेटवाला. वर चार कोसांवर मोठं धरण. तिथल्या पावरहाउसात सकाळी सहा ते दहा मशीन चालायचं, कारण विजेची मागणी तेव्हाच. मशीन फिरवून सुटलेलं पाणी नदीनं बंधाऱ्यात यायचं आणि तिथून कालव्यात जायचं. सहाला चौकीतला फोन खणखणायचा, "सोडलं!" सिताराम लगेच कालव्याचे दरवाजे उचलायचा. दहाला पुन्हा फोन, "बंद!" की दरवाजे पाडून सायकलवर कालव्याच्या गस्तीला, ते थेट संध्याकाळी परत. हुकूमच तसा होता.

दुष्काळात धरणात आठच दिवसांचं पाणी उरलेलं, आणि कालव्याच्या टोकाला चुडाव्याकडच्या गावांत प्यायलाही थेंब पोचला नव्हता.

"वरून एवढं सुटलं," ईश्वरअप्पा म्हणाले. "कालव्यात चौथाई बी न्हाई. उद्या माझा रिपोर्ट जाणार. तुझी नोकरी गेली समज."

सिताराम पांढराफटक पडला. अन् इथं सुलाबाईचं कुलूप तुटलं.

"ओ सायब! सहाला कुठलं पाणी? पाणी दहाला येतंय! बंधाऱ्याच्या वर माझा धुण्याचा दगड हाय, तो रोज दहाला बुडायलाय. मग दोनपर्यंत भिंतीवरून धो धो वाहून जातंय, फुकट!"

"रोज बघतीस अन् बोलली न्हाईस?" सिताराम किंचाळला.

"आता मला काय म्हाईत! म्हटलं, सरकारला ठावं असंल!"

ईश्वरअप्पा हसले, पण ओठांनीच. "बाई, फोन तर सहालाच येतो."

"फोन तारेतून येतो की, सायब. पाणी पायी येतंय!"

ईश्वरअप्पांचं हसू मावळलं. मग म्हणाले, "उद्या मी स्वतः त्या दगडावर बसतो. पाणी आलं न्हाई, तर रिपोर्ट."

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच बसले की! बूट काढून शेजारी ठेवले, घड्याळ गुडघ्यावर. सहाला फोन वाजला, आणि दरवाजे उचलायचे नाहीत असं त्यांनी स्वतःच सांगितलं. हुकूम मोडला होता. आता त्यांचीही नोकरी टांगणीला. सात झाले. आठ झाले. नदीत नुसती वाळू आणि कडेला हातभर डबकं. सुलाबाई शेजारच्या दगडावर वाकळ आपटत होती, पण डोळे नदीच्या वळणाकडं. नऊ वाजले. सिताराम दरवाजाच्या चाकाला धरून उभा, घामानं निथळत.

"बाई?" साहेबांचा आवाज चिरका झाला.

"थांबा वो जरा!"

दहाला दहा कमी असताना वळणावर काहीतरी हललं. वाळका पाचोळा सरकत आला आणि त्याच्या मागं पाणी! बघता बघता दगडाच्या पोटाला लागलं. साहेबांचा एक बूट निघाला चुडाव्याला!

"उचल रं, सिताराम! उचल!" ईश्वरअप्पा धोतरासारखी पॅंट वर धरून ओरडत सुटले. सितारामनं चाक असं गरगरा फिरवलं की तळहाताची साल निघाली. कालवा काठोकाठ चालला. भिंतीवरून थेंब गेला नाही. आणि सुलाबाई, काय सांगावं, ओली वाकळ उराशी धरून ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी फोन आला, टोकाला पाणी पोचलं. वेळापत्रक बदललं: मशीन सहाला, दरवाजे दहाला. रिपोर्ट गेला, पण सितारामच्या बाजूनं.

पुढं खात्यानं त्या दगडावर पांढरे-काळे पट्टे मारले, मोजणीसाठी. शेजारी पाटीही ठोकली: 'येथे धुणे धुण्यास मनाई आहे.' पाटीवर लक्ष ठेवायची जबाबदारी गेटवाल्याची.

सुलाबाईनं पाटी अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचली, तोंडाला पदर लावून खो खो हसली आणि वाकळीचं बोचकं दगडावर टाकलं. सहाचा फोन नुकताच वाजला होता.

सिताराम चौकीतून बाहेर आला. त्यानं बायकोकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि नदीकडं पाठ करून बिडी पेटवली.

"दहापर्यंत आटप गं," तो म्हणाला.