दहा फूट रिव्हर्स

चिखलात उतरून चाकाला हात लावणारी माणसं मला अडाणी वाटायची. माझ्या जुन्या जीपला ऑटोमॅटिक हब होते ना. हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध बसवलेली डबी. फोर व्हीलचा लिव्हर ओढला आणि पुढचा ॲक्सल फिरू लागला, की ती आपोआप चाकाला धरते, खाली उतरून हाताने फिरवावी लागत नाही. मग पुढची चाकंही गाडी ओढतात. सोडवायची पद्धत मला कॅम्प पाचच्या सिंधी मेकॅनिकने पढवली होती. "साईं, कीचड़ से निकला की लिव्हर टू व्हील में डालो, और दस फूट रिव्हर्स. नहीं तो हब लॉक ही रहेगा." मी ती इमानेइतबारे पाळायचो.

ऑगस्टमध्ये जांभूळच्या पुढे ताई-दाजींच्या भातशेतावर गेलो होतो. बांधावरचं गवत कापताना दाजींच्या डाव्या हाताला घोणस चावली. हात बघता बघता सुजला. बदलापूरचं हॉस्पिटल अर्ध्या तासावर, आणि सुरुवातीचा बांधावरचा रस्ता म्हणजे नुसता चिखल. दाजींना शेजारी बसवलं, ताई मागे बसली. लिव्हर ओढून निघालो. समोर डांबरी रस्ता दिसला तसा मला धीर आला. मी थांबलो, लिव्हर टू व्हीलमध्ये टाकला आणि सवयीने गाडी मागे घेतली.

कशाला? आजही स्वतःला चार शिव्या हासडाव्याशा वाटतात. हब हॉस्पिटलपर्यंत लॉक राहिले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? हब सुटले, मागची चाकं बांधावरून शेतात घसरली आणि गाडी रुतून बसली.

मी घाबरलो. पुन्हा फोर व्हील टाकून पुढे, मागे, पुढे, मागे. दिशा बदलली की हब सुटतो आणि नव्याने धरायला त्याला थोडा अवधी लागतो. तो मी देतच नव्हतो. आरशात ताई माझ्याकडेच बघताना दिसत होती.

"पुढं-मागं नको करू," दाजी म्हणाले. त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. "एकाच अंगाला जोर लाव. दमानं."

पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबला. खाली टक् झालं, एका चाकाचा हब धरला. जरा वेळाने दुसऱ्या बाजूलाही. गाडी हळूहळू वर आली. वीस मिनिटं गेली होती.

दाजी वाचले. एक बोट मात्र काढावं लागलं. "अजून थोडं लवकर आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. बोट वाचलं असतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी कुणी आलं की दाजी तोच हात माझ्या खांद्यावर ठेवतात. "हा होता म्हणून वाचलो," म्हणतात. ताई पानात पहिली भाकरी मला वाढते. गाडी मागे का घेतली, हे दोघांनीही कधी विचारलं नाही. घ्यावीच लागली असेल, असं त्यांनी धरलंय. काही गरज नव्हती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.